वहिनीचा हातगुण

भिंगार,
९ ऑक्टोबर २०२५

चि. अश्विनीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. प्रश्नावली, कोरे कागद, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट, सगळं कसं नीट. फोनवर चार वाक्यांत झालं असतं, असं आमचा रविराज म्हणाला. पण तुझ्या प्रबंधाच्या गाईडना जुन्या माणसांचं म्हणणं त्यांच्याच हस्ताक्षरात हवंय, आणि मलाही फोनवर नीट बोलता येत नाही. कान गरम होतो आणि मुद्दा निसटतो. तेव्हा लिहितो.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. यंदा पावसानं दिवाळी जवळ आली तरी पाय काढला नाही. रविराजच्या क्वार्टरच्या मागच्या खड्ड्यात पाणी साचलंय आणि मी रोज त्यात डासांच्या अळ्या शोधतो. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, डोळ्यांची सवय सुटत नाही. दुपारी छावणीत सगळं सामसूम होतं. लिंबाची सावली खिडकीतून पलंगावर येते, मी पडल्या पडल्या आपल्या गावी, पुणतांब्यात जाऊन येतो. जागा असतो का झोपेत, ते मलाच कळत नाही.

आता तुझे प्रश्न. एक आधीच सांगतो, मला तुझ्या आजीला 'आजी' लिहायला जमणार नाही. माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि त्याच वर्षी कारभारीदादाशी लग्न होऊन ती घरात आली, अठरा वर्षांची. मला तिनंच वाढवलं. माझ्या लेखणीतून वहिनीच येणार.

झाड कोणतं, तर सातवीण. संस्कृतात सप्तपर्ण. एका देठाशी सात पानं, कधी पाच, कधी आठसुद्धा. वहिनीचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या डोंगरात. तिकडून तिनं रोप आणलं आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर लावलं. या दिवसांत ते फुलतं. तिन्हीसांजेला वास असा उतरतो की डोकं जड होतं. गोदेवरचं धुकं आणि तो वास मिसळला की समोरून येणारं माणूस खरं आहे की नाही असं वाटायचं.

काढा असा. सालीचे बोटभर तुकडे सावलीत वाळवायचे. त्यात गुळवेलीचं कांड ठेचून, आणि मिळालं तर चिमूटभर काडेचिराईत. आठ वाट्या पाणी आटवून एक करायची. तीन दिवस, दिवसातून एकदा. साल कधी काढायची हा तुझा चौथा प्रश्न. वहिनी म्हणायची, झाडाला न दुखवता, एका बाजूनं, आणि पुढच्या खेपेला ती बाजू सोडून.

मी स्वतः तो काढा प्यालोय. नऊ-दहा वर्षांचा असताना मला एकांतरा ताप यायचा, म्हणजे एक दिवस हुडहुडी भरून आग, एक दिवस काही नाही. तापात आढ्याची लाकडं लांब लांब होत जायची आणि नदी घरातून वाहायची. पलंगाखालून पाणी चाललंय आणि वहिनी त्यात उभी राहून माझ्या कपाळावर हात ठेवतेय, असं दिसायचं. हात थंडगार असायचा. मी बरा झालो. काढ्यानं की त्या हातानं की तापच कंटाळला, ते तुझ्या शास्त्राला सांगता येईल का बघ.

तू लिहितेस की प्रयोगशाळेत आपल्या झाडाच्या सालीचा मलेरियाच्या जंतूवर परिणाम दिसतो, पण अगदी पुसट. आणि इतरांनी पूर्वी केलेल्या तपासण्यांचंही एकमेकांशी जुळत नाही. पण गावातल्या अकरा जुन्या माणसांनी तुला सांगितलं की पंचाण्णव-शहाण्णव या दोन वर्षांत वहिनीच्या काढ्यानं पन्नासेक लोक खडखडीत बरे झाले. म्हणून तुला वाटतं की आपल्या झाडात किंवा सालीच्या हंगामात काही वेगळं असावं.

सातव्या प्रश्नाची जागा मी कोरी ठेवली आहे. 'किती रुग्ण बरे झाले आणि १९९६ नंतर औषध देणं का थांबलं?' आता इतकं आठवत नाही.

तब्येतीला जप. मेसचं जेवण आवडत नसलं तरी पोटभर जेव.

तुझा
नाना


भिंगार,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. अश्विनी,
आशीर्वाद.

काल मी फोनवर तुझ्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तू किती आनंदानं सांगत होतीस: "नाना, आजीनं पातेलं बाहेर काढलंय! शेजारच्या पूजाला तीन दिवस ताप आहे, तिची आई आली होती काढा मागायला. मी आजीला फोनवर सालीचा रिझल्ट सांगितला तर ती म्हणाली, बघू, हात परत आला असंल तर." आणि मी तुला पुढं बोलू दिलं नाही. फोन कापून तुझ्या वडलांना लावला आणि पूजाला उचलून राहात्याला नेऊन रक्त तपासायला लावलं.

रिपोर्ट तुला कळलाच असेल. डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरल्या होत्या, सलाईनवर ठेवलंय, पण आता धोका नाही. त्या पोरीला काढा पाजून आणखी दोन दिवस घरात ठेवली असती तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

नंतर तू रडत फोन करून विचारलंस, "नाना, तुमचा आजीवर विश्वास नाही का?" त्याचं उत्तर या पत्रात आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. मला सगळं आठवतं.

पंचाण्णव-शहाण्णव साल. मी मलेरिया कर्मचारी, सायकलवर गावं फिरायचो. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दाराशेजारी गेरूनं तारीख लिहायची, आणि ताप असेल त्याला क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. त्या दोन वर्षांत कालव्याच्या कडेनं थंडीताप पसरला होता. घरटी एक माणूस गोधडीत. आणि लोक गोळी घ्यायचे नाहीत. ती कडूजहर, उपाशीपोटी घेतली की मळमळ, काहींच्या अंगाला खाज. आणि एकांतऱ्याची चाल अशी की गोळी न घेताच मधला एक दिवस माणूस बरा असतो. त्या दिवशी तो गोळ्या गोठ्यामागं फेकायचा आणि मला सांगायचा, घेतल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी, की गोळी खोटी. वहिनीचा काढा मात्र सगळे डोळे मिटून घ्यायचे.

वहिनी पहाटे काढा उकळायची. घरोघर पोचवायचं काम माझं होतं, कारण मी तसाही फिरायचोच. बाटल्या सायकलच्या पिशवीत. एक दिवस शाळेमागच्या कट्ट्यावर थांबलो, कागदात चार गोळ्या घेतल्या, पेल्याच्या बुडानं चुरल्या आणि एका बाटलीत टाकून हलवलं. कडूत कडू मिसळलं. कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी दोन. पोरांना वजनाच्या बेतानं कमी. ज्याचा रक्तनमुना मी घेतला त्याच्याच बाटलीत. दिल्या गोळ्यांची नोंद रजिस्टरात चोख. मी काही लबाडी करतोय असं मला वाटलंच नाही, उलट मनातून मी खूश होतो. लोक भराभर उठायला लागले. अस्तगावहून, वाकडीहून माणसं यायला लागली. बायका वहिनीच्या पाया पडायच्या. म्हणायच्या, काय हातगुण आहे बाईचा. ती लाजून पदर सावरायची. डोंगरातून आलेली, अक्षरओळख नसलेली बाई. सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं, आणि आता गाव तिला विचारत होतं. त्या दोन वर्षांत ती चालायचीसुद्धा वेगळी, जरा ताठ. मला ते बघायला फार आवडायचं गं. त्यासाठीच मी पुढं गोळ्या टाकत राहिलो की काय, असं आता वाटतं.

शहाण्णवच्या दसऱ्यानंतर आठ दिवसांच्या ट्रेनिंगला मला नाशिकला बोलावलं. जाताना वाटलं, वहिनीला सांगावं, निदान आठ दिवस काढा देऊ नको म्हणावं. पण कारण काय सांगणार? आठ दिवसांत काय होतंय, म्हणून गेलो.

छगन तुला माहीत नाही. माझ्या वर्गातला, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं गोदेत पोहायला एकाच दिवशी शिकलो. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्याची बायको कलाबाई वहिनीकडे आली, बाटली घेऊन गेली. त्या बाटलीत साल होती, गुळवेल होती. बाकी काही नव्हतं.

पाचव्या दिवशी तो बरळायला लागला. सहाव्या दिवशी कोपरगावला नेताना टेम्पोतच गेला.

माझ्या बदली आलेल्या माणसानं त्याचा रक्तनमुना घेतला होता. तेव्हा रिपोर्ट यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. तो माझ्याच हातात आला. 'पीएफ' लिहिलं होतं. मेंदूत चढणारा, जिवावरचा मलेरिया. माझ्या गोळ्यांनी तो वाचलाच असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, त्या जातीला क्लोरोक्विन पुरं पडत नसल्याचं तेव्हाही कानावर येत होतं. पण काढ्याचं एवढं नाव झालं नसतं तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. काढ्यावर विसंबून पाच दिवस घरी ठेवलं नसतं.

मी नाशिकहून आलो तेव्हा वहिनी ओसरीवर बसली होती. सालीची पिशवी तिनं मोरीजवळ ओतून दिली होती. मला बघून म्हणाली, "आसाराम, माजा हातगुण गेला रं. माज्या हातनं मानूस गेलं." मी बॅग खाली न ठेवता तसाच उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी जाईल ही भीती होती, तेही खरं. पण त्याहून मोठी भीती ही की, छगन तिच्या हातानं गेला नाही हे सांगायचं तर ते पन्नास लोकही तिच्या हातानं उठले नाहीत, हेही सांगावं लागेल.

मी बोललो नाही. मग वर्ष गेलं. मग दहा गेली.

अश्विनी, तू जे शोधते आहेस ते त्या सालीत नाही. हंगाम बदलून साल काढू नको, दुसरी झाडं धुंडाळू नको. अकरा माणसं खोटं बोललेली नाहीत, ती खरंच बरी झाली. पण कशानं, ते त्यांना माहीत नव्हतं. झाडाच्या सालीतून औषध निघतं हे मी नाकारत नाही. मलेरियाचं जुनं औषध कोयनेल सालीतूनच आलं, आणि आताचं नवं औषध चिनी पाल्यातून आलंय, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं. पण कुणीतरी त्यातला नेमका गुण वेगळा काढला, मोजला, किती दिला म्हणजे माणूस वाचतो हे शंभरदा पडताळलं. नुसतं कडू असणं पुरत नाही.

उद्या मी पुणतांब्याला जातोय. वहिनीला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तूही तोवर गप्प रहा.

नाना


पुणतांबा,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

उद्या जातो म्हणून लिहिलं आणि इथं येऊनही बारा दिवस गप्प बसलो. दिवाळीत तू चार दिवस आलीस, माझ्याकडे बघत राहिलीस आणि काही विचारलं नाहीस. तुझे उपकार आहेत. घरात दिवे, पोरंबाळं, वहिनीचा हात धरून पाया पडणारी माणसं. मला तोंड उघडवेना. तू पुण्याला गेलीस आणि परवा मी तिला म्हटलं, "चल, घाटावर जाऊन येऊ."

ऊन उतरलं होतं. गोदेला यंदा भरपूर पाणी आहे, इतकं संथ की पलीकडची झाडं उलटी होऊन हलतसुद्धा नव्हती. पायरीवर बसलो. वहिनीला आता कमी दिसतं. ती पाण्याकडे तोंड करून नुसती वारा घेत होती. सातविणीचा वास येत होता. मला एकदम वाटलं की मी दहा वर्षांचा आहे आणि हे सगळं तापातलं आहे, आता ती म्हणेल ऊठ, आणि काहीच घडलेलं नसेल.

मग मी सांगितलं. कट्टा, कागद, पेल्याचं बूड, चार-चार-दोन. नाशिक. पीएफ. काही राखलं नाही.

तिनं पाण्याकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. नंतर म्हणाली, "समद्यांच्याच बाटलीत?"

"ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्या."

"मंग माजं कडू कशाला लागत हुतं?"

"गोळी लपवायला."

ती हसली गं. अगदी थोडं, आणि मग तिचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं.

"आसाराम, येक सांग. मला ठावं असतं, तर मी छगनला बाटली दिली असती का? मीच म्हनले असते, हितं थांबू नगा, कोपरगावला न्ह्या. तू माज्या हातानं समदं केलंस आन् मलाच न्हाई इचारलंस. मी काय बाटली हुते का तुजी?"

मी म्हटलं, "चुकलो, वहिनी."

"एकोनतीस वरसं मी कुनाच्या कपाळावर हात ठिवला न्हाई. पोरं फणफणली तरी सुनंला म्हनायचे, तूच बघ बाई, माजा हात नगं. ही अश्विनी बारकी आसताना तापात मला हाका मारायची. मी दाराआड हुबी ऱ्हायचे."

हे मी तुला कळावं म्हणून लिहितो. तू लहानपणी एकदा माझ्याकडे तक्रार केली होतीस की आजीला मी आवडत नाही. तसं नव्हतं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. ती काठी टेकत उठली. "चल, कलाकडं."

"आत्ता?"

"मंग कवा? ती मेल्यावर?"

कलाबाई वेशीजवळच्या घरात एकटी राहते. लेकी नांदायला गेल्या. अंगणात शेंगा फोडत बसली होती. एकोणतीस वर्षांत वहिनी तिच्या दारात गेलेली नव्हती. रस्त्यात दिसली तर बोळ बदलायची. तिला उंबऱ्याशी बघून कलाबाई सूप ठेवून उठलीच. आम्हाला सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घाटावर एकदा सांगून झालं होतं, तरी दुसऱ्यांदा सोपं गेलं नाही.

कलाबाईनं मधे एकदाही तोडलं नाही. शेंगांची टरफलं गोळा करत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "नाना, तुमाला येक ठावं न्हाई. कुनालाच न्हाई."

तिनं टरफलं सुपात टाकली.

"दुसऱ्या दिशीच त्ये म्हनत हुते, मला कोपरगावला न्हे. माजं डोकं फुटतंय, ह्यो तसला ताप न्हाई. मीच म्हनले, आवो वैनीचा काढा हाय की, उगं कशाला घायकुतीला येता. शेंगा काढायला आल्या हुत्या, दोन दीस मोडतील असं माज्या मनात हुतं. मंग त्ये बरळाया लागले. पानी लई गार हाय म्हनायचे. आसाराम पलीकडं गेला, मी बी जातो, म्हनायचे." ती थांबली. "मी समद्यांना सांगितलं, त्येच दवाखान्याला न्हाई म्हनले म्हून."

अंगणात कोंबडी फिरत होती. वहिनी हळूच पुढं सरकली आणि कलाबाईच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. दोघी रडल्या नाहीत. म्हाताऱ्या बायका दमून बसतात तशा बसल्या. मी समोर होतो. आम्ही तिघांनी एकाच माणसाचं मरण आपापल्या घरात वेगवेगळं सांभाळलं होतं, आणि एकाच गावात, एकाच पाण्याच्या काठी. छगनला हे कळलं असतं तर तो आमच्यावर चिडला असता. फार बोलका माणूस होता.

माफी मी मागितली. कलाबाई म्हणाली, "मी कोन माफ करनार, मलाच कुनी करावं." एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि ते बरोबरच आहे. निघताना तिनं वहिनीच्या ओटीत ओंजळभर शेंगा घातल्या. मला नाही दिल्या.

आता तुझ्या कामाचं. सातव्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्या तीन पानांवर लिहिलं आहे. तारखा, गोळ्या, नावं, जेवढी खात्रीनं आठवतात तेवढी. जिथं खात्री नाही तिथं 'खात्री नाही' असं लिहिलंय. खाली माझी सही आहे. तुझ्या गाईडना वाचायला दे. माझं नाव झाकू नको. माणसांना न सांगता त्यांच्या पोटात औषध घालणारा मलेरिया कर्मचारी कोण होता, हे प्रबंधात दिसायला हवं. पेन्शनला काही झालं तर होऊ दे. रविराजला मी सांगितलंय. तो दोन दिवस बोलला नाही, आज चहा झाला का, एवढंच विचारायला फोन केला.

तुझं वर्ष वाया गेलं असं समजू नको. अकरा माणसांच्या सांगण्यापेक्षा तुझी ती पुसट रेघ खरी होती, आणि तू ती मोठी करून दाखवली नाहीस. मला तेवढं धैर्य तुझ्या वयात नव्हतं.

कलाबाईचा एक निरोप आहे. 'एक रुग्ण दगावला' असं लिहू नको म्हणाली. पूर्ण नाव लिही: छगन रंभाजी जाधव, वय अडतीस, पुणतांबा.

आणि वहिनीचा एक. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकल्यावर तिनं कागद मागून घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पोरीला लिव्ह, झाड हाय अजून. साल पायजे तेवढी न्ह्या, परत येकदा तपासा. लई असंल तर लई म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. पर या खेपंला मधी कुनी काय टाकू नगा."

तिनं सांगितलं तसंच उतरवलंय. माझ्याकडून एक शब्दही मिसळलेला नाही.

तुझ्या आजीचा दीर,
छगनचा मित्र,
आसाराम